न खेळणाऱ्यांच्या हातातला खेळ

व्हिडिओ गेम खेळायच्या खास यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, खेळणारी दोन पोरं एकत्र आली की वाद ठरलेलाच: तुझा भारी की माझा? कुणाची चिप जोरकस, कुणाचं चित्र जास्त गुळगुळीत, कुठला गेम फक्त कुणाकडे. आमच्या इंदूरात हा वाद छप्पन दुकानावर पोह्यांच्या प्लेटी हातात धरून चालतो आणि त्याचा निकाल कधीच लागत नाही. लागणारही नाही, कारण दोन्ही पक्ष भलत्याच गोष्टीवर भांडत असतात. गेल्या चाळीसेक वर्षांत कुठला कन्सोल चालला आणि कुठला आपटला याचा हिशेब मांडला, तर यंत्राची ताकद बरीच खालच्या ओळीत येते. गेम वर येतात, पण अगदी वर नाही. अगदी वर येतात ती माणसं, जी जन्मात कधी कंट्रोलर हातात धरत नाहीत. दुकानदार, आईबाप, गेम काढणाऱ्या कंपनीचा हिशेबनीस, आणि आपल्याकडे तर जकातीचा साहेबसुद्धा.

म्हणून माझं म्हणणं असं की कन्सोलचं नशीब न खेळणारे ठरवतात. खेळणारा शेवटी येतो आणि बहुतेक वेळा त्याच्यापुढे वाढलेल्या पानातूनच निवडतो. हे एकदा मान्य केलं, की भारतात कन्सोल का रुजला नाही या प्रश्नाचं नेहमीचं उत्तरही तपासून बघावं लागतं. नेहमीचं उत्तर म्हणजे ‘आपल्या लोकांना गेमवर पैसे खर्च करायला नको असतात.’ मला ते पटत नाही.

आधी ताकदीचा मुद्दा मोकळा करू. 2000 साली आलेला सोनीचा प्लेस्टेशन 2 त्याच पिढीतल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सपुढे आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूबपुढे ताकदीत कमी होता. विकला गेला साडेपंधरा कोटींच्या वर. एक्सबॉक्स सुमारे 2 कोटी 40 लाखांवर थांबला, गेमक्यूब 2 कोटी 17 लाखांवर. पुढच्या पिढीत सगळ्यात दुबळा होता निन्टेन्डोचा वी. तो 10 कोटींच्या पुढे गेला आणि त्याच्याहून कितीतरी ताकदवान प्लेस्टेशन 3 मागे राहिला. सगळ्यात बोलका दाखला मात्र गेम बॉयचा. 1989 साली निन्टेन्डोने हिरवट पडद्याचं, रंग नसलेलं, मागे प्रकाशही नसलेलं यंत्र बाजारात आणलं. पुढच्या वर्षी सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने गेम गिअर आणला: रंगीत, उजळ पडदा, पाहताक्षणी मोहात पाडणारा. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चाले. आता हे सेल विकत कोण आणतो? दहा वर्षांचा पोरगा नाही आणत. महिन्याचं सामान भरणारा बाप आणतो, आणि दुसऱ्या आठवड्यात तो विचारतो, “पुन्हा सेल?” गेम गिअर तिथेच हरला. गेम बॉयचा जनक गुन्पेई योकोई मुद्दाम जुनं, स्वस्त झालेलं, घासूनपुसून पक्कं झालेलं तंत्र वापरत असे. अभियंत्यांना हा कंजूषपणा वाटला असेल. बापाला तो शहाणपणा वाटला.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण माणूस शेवटी यंत्र घेतो ते गेमसाठी. बरोबर आहे. पण गेम तिथेच येतात, जिथे यंत्रं आधीच घरोघर पोहोचलेली असतात. आणि यंत्रं तिथेच पोहोचतात, जिथे गेम आहेत. आधी कोंबडी की आधी अंडं. हा फेरा कुणीतरी स्वतःच्या खिशाला खार लावून तोडावा लागतो, आणि तो तोडणारा खेळाडू कधीच नसतो.

या बाबतीत 1985 सालचं न्यूयॉर्क फार शिकवून जातं. दोन वर्षांपूर्वी, 1983 मध्ये, अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. भिकार गेमचा महापूर आला, दुकानांत माल पडून राहिला, कवडीमोलाने विकावा लागला. अटारी कंपनीने न खपलेल्या गेमच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या. 2014 साली लोकांनी त्या उकरून काढल्या. अशा बाजारात निन्टेन्डोला आपला फॅमिकॉम हा कन्सोल न्यायचा होता. जपानात तो धो धो चालत होता, म्हणजे यंत्र चांगलं होतं, गेम चांगले होते, खेळणारी पोरंही अमेरिकेत कमी नव्हती. नव्हता तो दुकानदाराचा होकार. ‘व्हिडिओ गेम’ म्हटलं की तो दारातूनच परत पाठवी.

निन्टेन्डोने मग काय केलं बघा. यंत्राचं नाव ठेवलं ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’. कॅसेट वरून खोचायची सोडून व्हीसीआरसारखी समोरून आत सरकवायची केली. सोबत रॉब नावाचा प्लास्टिकचा रोबो दिला. तो खेळायला जवळपास निरुपयोगी होता, पण त्याच्यामुळे डबा खेळण्यांच्या फळीवर बसू शकला. आणि मुख्य म्हणजे न्यूयॉर्कच्या दुकानदारांना सांगितलं: माल ठेवा, विकेल तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेऊ. पुन्हा महापूर येऊ नये म्हणून यंत्रात परवान्याशिवायची कॅसेट चालू न देणारी कुलपाची चिप बसवली, बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम काढायची मुभा दिली आणि डब्यावर खात्रीची मोहोर उमटवली. या सगळ्या खटाटोपात खेळणाऱ्या पोराशी थेट संबंध असलेली गोष्ट शोधून दाखवा. सगळं दुकानदारासाठी होतं. आज लोक निन्टेन्डोच्या यशाचं श्रेय मारिओला, त्या टोपीवाल्या मिशाळ प्लंबरला देतात. तो दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचला तो रोबोच्या खांद्यावर बसून.

याची उलटी बाजू दहा वर्षांनी सेगाने दाखवली. 11 मे 1995 रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने जाहीर केलं की आपला नवा कन्सोल सॅटर्न सप्टेंबरात नाही, आजच दुकानांत आलाय, 399 डॉलरला. मात्र मोजक्याच दुकानसाखळ्यांमध्ये. ज्यांना वगळलं ते भडकले. केबी टॉइजने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. गेम बनवणारेही तोंडावर आपटले, कारण त्यांचं काम सप्टेंबरच्या बेताने चाललं होतं. त्याच दिवशी सोनीचा माणूस व्यासपीठावर गेला, आपल्या प्लेस्टेशनच्या किमतीचा ‘299’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरला. लोक ही गोष्ट किमतीची म्हणून सांगतात. मला ती दुखावलेल्या दुकानदारांची आणि अर्ध्यावर पकडलेल्या गेमवाल्यांची जास्त वाटते. 100 डॉलरचा फरक पुढे भरून काढता आला असता. उडालेला विश्वास भरून काढता आला नाही. सॅटर्न जगभरात कोटीभरही विकला गेला नाही. प्लेस्टेशन 10 कोटींच्या पुढे गेला.

गेम काढणाऱ्या कंपनीचा हिशेबनीस हाही एक न खेळणाराच. निन्टेन्डो 64 कॅसेटवर अडून राहिला, प्लेस्टेशनने सीडी घेतली. खेळणाऱ्याला कॅसेटच सोयीची: झटक्यात चालू होते, ओरखडे पडत नाहीत. पण कॅसेट बनवायला महाग, आणि किती लागतील त्याचा अंदाज महिने आधी बांधून पैसे भरायचे. अंदाज चुकला की बुडालात. सीडी स्वस्तात छापून होते. संपली तर थोड्या दिवसांत आणखी छापता येते. हिशेबनिसाने कुठे बोट ठेवलं असेल हे सांगायला नको. वर्षानुवर्षं निन्टेन्डोसाठी खेळ बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीने 1997 सालचा आपला मोठा गेम तीन सीड्यांवर सोनीला दिला, तो याच गणितातून.

पैशाचं एक उदाहरण घेतो आणि हा भाग संपवतो. 1993 सालचा थ्रीडीओ नावाचा कन्सोल. कल्पना मोठी उदात्त होती. आम्ही नुसता आराखडा देतो, यंत्र कुणीही बनवावं, आणि गेमवाल्यांकडून एका प्रतीमागे फक्त 3 डॉलर घेऊ. गेमवाले खूश. पण यंत्र बनवणाऱ्या पॅनासॉनिकला गेमच्या विक्रीतून काही मिळणार नव्हतं, म्हणून तिला नफा डब्यातच काढणं भाग होतं. डबा आला 699 डॉलरला आणि तिथेच बसला. एरवी कंपन्या डबा तोट्यात किंवा जेमतेम किमतीला विकतात आणि पुढची पाच-सात वर्षं प्रत्येक गेममागे हिस्सा घेतात. 2021 साली गेम बनवणारी एपिक कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांना विचारलं गेलं, एक्सबॉक्सच्या यंत्रावर तुम्ही कधी नफा कमावलाय का? साक्षीत उत्तर आलं, नाही. म्हणजे आपण दुकानातून जो डबा आणतो, त्याच्या किमतीतला एक तुकडा कुणा दूरच्या भागधारकाने आधीच सोसलेला असतो. तो सोसायला तयार नसेल, तर पुढचा सगळा विचारच खुंटतो.

आता घरात येऊ. खरी कचेरी तिथेच भरते.

प्लेस्टेशन 2 जपानात आला तेव्हा नुसता डीव्हीडी प्लेअर घ्यायचा तरी जवळपास तेवढेच पैसे मोजावे लागत. मग पोराने आईला सांगायचं, अगं, सिनेमेच बघता येतील सगळ्यांना. शिवाय जुन्या प्लेस्टेशनच्या सीड्या त्यावर चालत होत्या, त्यामुळे ‘आधीचं सगळं वाया’ हा बापाचा हुकमी पत्ताही निकामी झाला. वी तर या बाबतीत उघडच निघाला होता. कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा, जेणेकरून आजीला भीती वाटू नये. जपान सोडून बहुतेक ठिकाणी डब्यासोबतच बोलिंग-टेनिसचा गेम. अमेरिकेत वृद्धाश्रमांमध्ये वीवर बोलिंगच्या स्पर्धा रंगल्या. चीनमध्ये नव्वदच्या दशकात शियाओबावांग नावाचं यंत्र घरोघर गेलं. आतून ते फॅमिकॉमची नक्कल, बाहेरून कीबोर्ड लावलेलं ‘अभ्यासाचं यंत्र’. जाहिरातीत जॅकी चॅन होता आणि जाहिरात आईबापांच्या काळजाला हात घालणारी होती. आपल्याकडेही तसलीच कीबोर्डवाली नकली यंत्रं ‘कॉम्प्युटर’ म्हणून विकली जायची. किती घरांत त्यावर बेसिकचा प्रोग्रॅम लिहिला गेला आणि किती घरांत रणगाडे फुटले, हे त्या पिढीने आपापल्या मनाशी ताडून पाहावं.

पण न खेळणाऱ्याची मनधरणी हा हुकमी मंत्र आहे असं कुणी समजू नये. 2013 साली मायक्रोसॉफ्टने नेमकी हीच चाल लावली आणि तोंड पोळून घेतलं. एक्सबॉक्स वन म्हणजे दिवाणखान्यातलं सगळं काही: टीव्ही, खेळाचे सामने, सिनेमे, वर सक्तीचा कॅमेरा, किंमत 499 डॉलर. यंत्राने दर 24 तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची, आणि वापरलेला गेम दुसऱ्याला द्यायचा तर कंपनीचे नियम पाळायचे. सोनीने काही सेकंदांची एक चित्रफीत काढली: एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, तो ‘थँक्स’ म्हणतो, संपलं. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टला ते नियम मागे घ्यावे लागले, पण डाव हातचा गेला होता. टीव्ही बघणाऱ्या बापाकडे टीव्ही बघायची साधनं आधीपासूनच होती. त्याला न मागितलेलं द्यायला जाऊन कंपनीने पोराच्या हातातली, मित्राला देता येणारी, विकता येणारी वस्तू काढून घेतली होती. आणि वीने कमावलेल्या आज्या? त्या वी यूसाठी परतल्याच नाहीत. कित्येकांना तर वी यू हे नवं यंत्र आहे हेच कळलं नाही, वीचीच काहीतरी जोडवस्तू वाटली. आकडा 1 कोटी 35 लाखांच्या आसपास अडकला. न खेळणाऱ्याचा होकार म्हणजे त्याची निष्ठा नव्हे. तो दर वेळी नव्याने मागावा लागतो.

इंदूरात हा होकार कसा मागितला जातो ते बघायचं तर जेल रोडवरच्या एखाद्या दुकानात तासभर उभं राहावं. मागच्या दिवाळीआधी तिथे पाहिलेला एक प्रसंग सांगतो. लोकमान्य नगरकडचे वाटावेत असे एक गृहस्थ, सोबत नववी-दहावीतला मुलगा. मुलाचं सगळं आधीच ठरलेलं. बाबा काउंटरवर कोपर टेकून एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते: “हे घेतल्यावर पुढे दर महिन्याला किती?” मुलगा म्हणे, “बाबा, सेलमध्ये स्वस्त मिळतात.” दुकानदाराने त्या दोघांच्या मराठीत लक्ष घातलं नाही. त्याने खालच्या खणातून एक वापरलेली डिस्क काढली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरून चकाकती बाजू दाखवली, ओरखडे नाहीत याची खात्री पटवली आणि इंदूरी हिंदीत म्हणाला, “अंकल, डिस्क वाला ही लो. बच्चा खेल ले, फिर मेरे को वापस दे जाना, थोड़े पैसे डाल के दूसरा ले जाना.” बाबांचा चेहरा तिथे सैलावला. चिप, टेराफ्लॉप, चित्राचा गुळगुळीतपणा यांतलं काही ऐकून तो सैलावला नव्हता. खजूरी बाजारात जुनी पाठ्यपुस्तकं घेऊन वर्षअखेर परत विकणाऱ्या शहराला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

प्लेस्टेशन 5चा नवा मोठा गेम भारतात 4,999 रुपयांना येऊ लागला. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम म्हणजे शाळेच्या बसचे काही महिने. ती एकदा कशीबशी गळी उतरते. दर दोन महिन्यांनी उतरत नाही. पण डिस्क घेतली, संपवली, परत दिली, असं केलं तर खेळाचा खर्च निम्म्याच्या खाली येतो. सांगायचा मुद्दा हा की इंदूरसारख्या शहरात पहिल्या खर्चाचा भार कंपनीचा भागधारक जितका उचलतो, तितकाच तो जुन्या डिस्कचा हा साखळीव्यवहार उचलतो. कंपनीला हा व्यवहार खुपतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीत तिला दमडी मिळत नाही. तिच्या जागी मीही कुरकुरलो असतो. पण हा व्यवहार तोडला तर पहिली विक्रीही होत नाही, हे तिच्या मुख्यालयातून दिसत नसावं.

प्लेस्टेशन 2च्या काळात आपल्याकडे तोडगा वेगळा होता, आणि तो चोरीचा होता. यंत्रात चिप टाकून घ्यायची आणि रस्त्यावर मिळणाऱ्या नकली डिस्क लावायच्या. डीव्हीडीचं आमिष इथे फारसं चाललं नाही, कारण चिनी प्लेअर तोवर स्वस्तात मिळू लागले होते. चालला तो बापाच्या प्रश्नाला दिलेला सोपा जबाब: दर महिन्याला किती? जवळजवळ काहीच नाही. शाळांच्या आसपास तासावर खेळायला देणारे पार्लर निघाले, तिथल्या अंधारलेल्या खोल्यांत कुस्ती आणि फुटबॉलचे गेम संध्याकाळभर चालत. म्हणजे प्लेस्टेशन 2 या शहरात चालला का? पोरांना विचाराल तर हो, जोरात. सोनीच्या हिशेबनिसाला विचाराल तर डबे विकले, गेम विकले नाहीत. आणि कन्सोलचा नफा तर गेममध्येच असतो. ‘भारतीय पैसे मोजत नाहीत’ ही समजूत तेव्हापासूनची. मला ती अर्धवट वाटते, कारण कायदेशीर रस्ता आपल्याकडे रुंद असा कधी केलाच नव्हता. हैदराबादच्या ऑरोना कंपनीने हनुमानावरचा गेम प्लेस्टेशन 2साठी बनवला तो 2009 साली, यंत्राच्या उतारवयात. तोवर प्लेस्टेशन 3 येऊन तीन वर्षं होत आली होती.

ब्राझीलकडे बघा. आयातकर आपल्याहून जबर, लोकांचा खिसा आपल्यासारखाच तंग. तिथल्या टेकटॉय कंपनीने 1980च्या दशकाअखेर सेगाशी करार केला आणि मास्टर सिस्टिम ब्राझीलमध्येच बनवायला घेतला. जकात टळली. वर सेगाच्या एका गेममधल्या वीराला काढून त्या जागी तिथल्या मुलांची लाडकी चित्रकथेतली मोनिका बसवली. जगात सेगाचं ते यंत्र केव्हाच विस्मरणात गेलं, ब्राझीलमध्ये दशकानुदशकं विकलं जात राहिलं. याउलट 2013 साली सोनीने प्लेस्टेशन 4 तिथे आयात करून विकायला काढला, तेव्हा किंमत झाली 3,999 रियाल, अमेरिकेतल्या किमतीच्या चौपटीहून जास्त. गिऱ्हाईक तेच, देश तोच. फरक पडला तो मधल्या माणसांत.

आपल्याकडचा मधला माणूस म्हणजे सरकार. जीएसटी आला तेव्हा व्हिडिओ गेम कन्सोल 28 टक्क्यांच्या गटात होता. 2018च्या अर्थसंकल्पात त्यावरची सीमाशुल्काची टक्केवारी 10वरून 20 झाली, आणि 1 जानेवारी 2019पासून जीएसटी 18 टक्क्यांवर आला. एका हाताने घेतलं, दुसऱ्याने थोडं परत केलं. 2022च्या अर्थसंकल्पात मग ॲनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी कृतिगट जाहीर झाला, तरुणांना यात रोजगार आहे म्हणून. गेम बनवणारे हवेत, पण ज्यावर गेम चालतो ते यंत्र चैनीची वस्तू, असा हा सरळ व्यवहार आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा देखणा खेळ 2020 साली आणला. तो सगळ्यात आधी आला निन्टेन्डो स्विचवर, आणि स्विच भारतात अधिकृत वाटेने आलेलाच नव्हता. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्याच पोराने खेळायचा, तर मागच्या दाराने आणलेलं यंत्र शोधायचं. 2024च्या अखेरीस प्लेस्टेशन 5 प्रो जगभर आला तेव्हाही भारत यादीत नव्हता. कारण दिलं गेलं वायफायच्या 6 गिगाहर्ट्झ पट्ट्याला इथे परवानगी नसल्याचं. दूरसंचार खात्यातल्या एखाद्या फायलीने कन्सोल अडवावा, याहून न खेळणाऱ्यांच्या सत्तेचा आणखी कोणता पुरावा हवा?

मग मोबाइल कसा जिंकला? लोक म्हणतात, फुकट गेम आणि स्वस्त डेटा. 2016च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला हे खरंच आहे. पण फोनचं खरं बळ हे की त्याच्यासाठी परवानगी मागावीच लागली नाही. बापाने तो कामासाठी आणला, आईने नातेवाइकांशी बोलायला, आणि 2020च्या टाळेबंदीत शाळेनेच तो मुलाच्या हातात द्यायला लावला. खेळ त्यात बिनतिकीट बसून आला. शिवाय घरातला टीव्ही मोकळा राहिला. एकत्र कुटुंबात संध्याकाळी सात ते दहा टीव्ही कुणाचा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला टीव्हीला जोडायचं यंत्र विकणं किती अवघड आहे तेही ठाऊक असतं. आजीची मालिका, बाबांच्या बातम्या, आणि क्रिकेट असेल तर विषयच संपला. जपानी कंपन्यांना लहान घरं ओळखीची, म्हणून त्यांनी हातात धरायची यंत्रं बनवली. तीही आपल्यापर्यंत नीट पोहोचली नाहीत.

पैसे मोजण्याचं म्हणाल, तर जानेवारी 2021मध्ये प्लेस्टेशन 5ची आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली. डिस्कवाला 49,990 रुपये, डिस्कशिवायचा 39,990. माल थोडाच होता, त्यामुळे यावरून फार मोठं अनुमान मी काढणार नाही. मोठ्या शहरांतल्या हौशी लोकांनी ती झुंबड केली. माझा प्रश्न त्यांच्याविषयी नाहीच. तो काउंटरवर कोपर टेकून उभ्या असलेल्या त्या बाबांविषयी आहे, आणि अशी माणसं लाखोंनी आहेत.

म्हणून डिस्कचा खण काढून टाकायची जी हवा सध्या वाहते आहे, ती मला इथल्या धंद्याच्या मुळावर येणारी वाटते. कंपनीच्या बाजूने कारणं भरपूर आहेत. डबा स्वस्त होतो, नकली डिस्क संपतात, प्रत्येक विक्रीचा हिस्सा थेट मिळतो. अमेरिकेत किंवा युरोपात, जिथे कन्सोल दोन पिढ्यांपूर्वीच घरात स्थिरावलाय, तिथे चालूनही जाईल. इथे डबा दहा हजारांनी स्वस्त झाला तरी बाबांच्या ‘दर महिन्याला किती?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. ऑनलाइन घेतलेला गेम परत देता येत नाही, मावसभावाला देता येत नाही, विकता येत नाही. आणि दुकानदाराचं काय? नव्या डब्यावर त्याला सुटतात ते चार पैसे. त्याचं पोट चालतं ते जुन्या डिस्कच्या अदलाबदलीवर. तो धंदा गेला की त्याला खालचा खण उघडायचं, डिस्क ट्यूबलाइटखाली धरायचं, बाबांना पटवायचं काही कारणच राहत नाही. तो सरळ शेजारच्या काउंटरकडे बोट दाखवेल. तिथे फोन आहेत, बिनव्याजी हप्ते आहेत, आणि बाबांना तिथे कुणी काही पटवून द्यावं लागत नाही.